पुढे गेलेलं ताट

त्या ख्रिस्ती देवळातल्या मंडळीचा एक जुना शिरस्ता होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायची, आणि ज्याला त्यात भाग घ्यायचा असेल त्याने शुक्रवारपर्यंत घड्याळवाल्या वडिलांच्या दुकानात जाऊन नाव द्यायचं. हे वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी सर्वांत जुने. कुणाशी भांडण असेल तर ते आधी मिटवायचं, मग नाव. यादीत नाव नसेल तर भाकरीचं ताट त्या माणसासमोरून पुढे जायचं.

उपासना चालवणाऱ्या नव्या पाळकाची आई पहिल्या बाकावर बसायची. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते, पण लेकाचा पांढरा झगा मात्र खांद्यावर चुणी पडते म्हणून तीनदा उसवला होता. तो घालून लेक उभा राहिला की तिचा ऊर भरून यायचा. नेमणूक अजून कच्ची होती. सहा महिने पाहू, मग मंडळी हात वर करून ठरवेल, असं ठरलं होतं. पुढच्या प्रभुभोजनाच्या दिवशीच मतदान होतं. नेमणूक पक्की झाली की देवळामागचं दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. शिलाईयंत्र कुठल्या खिडकीशी ठेवायचं, हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट इस्त्रीवाल्या मावशीसमोरून पुढे गेलं. मावशीने हात पुढे केला होता. तो क्षणभर तसाच राहिला, मग तिने हळूच मांडीवर परत घेतला.

मंगळवारी आई झगा घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेली.

"ठेव तिथे," मावशी मान वर न करता म्हणाली. "करते. झग्याने माझं काय वाकडं केलंय?"

"अगं, तू नाव दिलं नव्हतंस का?"

"गुरुवारीच दिलं होतं. घड्याळवाल्याच्या बायकोचा कोट माझ्या हातून करपला, खरंय. माफी मागायला दोनदा गेले. दोन्ही वेळा बाईसाहेब खिडकीतून बघत होत्या, पण दार काही उघडलं नाही. आता मी मिटवायचं कुणाशी, दाराच्या कडीशी?"

घरी येईपर्यंत आईच्या डोक्यात एकच घोळत होतं. मतदानाला साडेतीन आठवडे होते. तेवढे दिवस गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? घड्याळवाल्यांच्या शब्दावर निम्मी मंडळी हात वर करायची. नंतर सावकाश सांगता आलं असतं. दुपारभर तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, आणि जेवायला बसल्यावर सगळं सांगून टाकलं.

लेकाचा घास हातातच राहिला. "घड्याळवाले वडील म्हणाले, तिने भांडण मिटवलं नाही. मी तिला विचारलंसुद्धा नाही, आई. यादी पाहिली आणि पुढे गेलो."

तो तसाच उठला. आईही मागोमाग निघाली.

"मावशी, माझं चुकलं," तो दुकानाच्या दारातूनच म्हणाला.

मावशीने इस्त्री उभी केली. "चुकलंच. चारचौघांत चुकलास, आणि माफी इथे वाफेत मागतोस होय रे?"

"चारचौघांतच मागेन."

ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार! दुसऱ्याच दिवशी घड्याळवाले वडील घरी हजर. "अहो, पाळकाने मंडळीपुढे मान खाली घातली, तर उद्या त्याचं ऐकणार कोण? अधिकार म्हणून काही असतो की नाही?"

"असतो ना. पण तो माझा नाही, प्रभूचा आहे. त्याने तो कमरेला रुमाल बांधून, शिष्यांचे पाय धुऊन चालवला. मी नुसती यादी बघून चालवला."

"मतदान आहे, विसरू नका."

लेकाने आईकडे पाहिलं. आई उठली आणि म्हणाली, "वडील, जाताना दार लावू नका. आमच्याकडे माफी मागायला कुणीही येऊ शकतं."

पुढच्या प्रभुभोजनाला लेक मेजापुढे उभा राहिला. घड्याळवाल्यांचं नाव न घेता तो म्हणाला, "मागच्या वेळी मावशींसमोरून ताट पुढे गेलं, ते माझ्या हातून. त्यांना न विचारता मी त्यांचा न्याय केला. मावशी, मला क्षमा करा."

पाळकाने सर्वांत शेवटी, वडीलजनांच्या हातून भाकर घ्यायची, अशी पद्धत होती. त्या दिवशी तो ताट घेऊन मावशीच्या बाकापाशी गेला. आधी तिला दिली, मग आपला तळवा पुढे केला. "आज मला तुम्ही द्याल? नको म्हणालात, तर मी न घेताच राहीन."

मावशीचे डोळे भरून आले होते, पण जीभ जागेवर होती. "वाक जरा. केवढा उंच झालायस!" तिच्या चटक्यांच्या डागांनी भरलेल्या बोटांनी तुकडा मोडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

उपासनेनंतर मतदान झालं. घड्याळवाल्यांचा हात खालीच राहिला, आणि त्यांच्याकडे बघून आणखी बऱ्याच जणांचा. आणखी सहा महिने पाहू, असं ठरलं. देवळामागच्या घराला कुलूपच राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर एका शेजारणीने आईचा हात धरला. "वाईट वाटून घेऊ नका हो. अजून सहा महिने कच्चे पाळक, एवढंच."

"कच्चा?" आई मोठ्याने हसली, इतकी की घड्याळवाल्यांनी वळून पाहिलं. "बाई, माझा लेक आजच पक्का झाला. मंडळीच्या ध्यानात यायला सहा महिने लागतील, तर लागू देत!"