कंसाचे डोळे

"डोळे राहू दे. मी गातो, मग उघड..." पेंटरला सांगणारा आण्णांचा तो जुना, भरलेला आवाज, आणि आज त्यांच्या लेकीच्या, वेणूच्या बोटांत बारीक ब्रश, टोकाला काळा थेंब, लोंबता, न पडणारा.

गावच्या संगीत नाटकाची ही रीतच. पडद्यावरच्या कंसाचे डोळे शेवटी काढायचे. कंस करणारा समोर उभा राहून पद गाईल तेव्हाच.

किती कंस पाहिले तिनं! एक काळाकुट्ट, सुळे बाहेर आलेला. मग गुलाबी गालांचा, कोयत्यासारख्या मिशांचा. मग कॅम्प पाचमधल्या छापखान्यातून आणलेला फ्लेक्सवरचा – जिममधलं अंग, मनगटावरचं घड्याळ पुसायचं राहिलेलं... आणि त्या प्रत्येकापुढे आण्णा, आनंदनगरच्या कंपनीतून पाळी संपवून आलेले, असे गायचे की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कंसासाठी! लहानगी वेणू पाहत राहायची – चित्रातला हा कोण, आणि गाण्यातला तो कोण?

तो गाण्यातला तिनं काढला होता. हातात लगाम, मागे नवी नवरी देवकी; आकाशवाणी अजून व्हायची आहे. हळदीला धवलारीण लग्नाची गाणी गाते तसं काहीसं मनात घोळत होतं...

भाऊ हाकितो गं रथ, बहीण सासरी निघाली
मागं वळून पाहता, वाट डोळ्यांत भिजली

"ताई, हा कंस आहे का नवरीचा भाऊ?" मंडळाचा भूपेश दुपारी येऊन हसला होता. यंदा कंस तोच करणार.

"नवरीचाच भाऊ ना रे तो."

"पब्लिकला समजलं पाहिजे ना! दात लाव, डोळे लाल कर. नायतर फ्लेक्स मागवतो. संध्याकाळपर्यंत सांग."

तिनं पांढऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण तेवढं घट्ट लावलं होतं. एवढं ताठ आपण कधी उभ्या राहिलो होतो? कात्रपच्या दुकानांच्या पाट्या रंगवताना तर कधीच नाही...

आता ऊन उतरलं होतं आणि समाजमंदिराच्या दारात आण्णा. घशाच्या ऑपरेशनानंतर कुजबुजीपुरताच उरलेला आवाज. तिच्या चित्रांना चांगलं नाही, वाईट नाही, आजवर एक शब्द नाही. आज तरी... नको, आपण विचारायचं नाही.

ते पडद्यासमोर उभे राहिले. पाहत राहिले. मग ओठ हलू लागले – तेच पद, सूर नसलेलं. हात मात्र लगाम धरल्यासारखे पुढे आलेले. वेणू पडदा विसरून त्यांचे डोळे पाहत होती. राग कुठेच नव्हता त्यांत. बहिणीचा रथ हाकणाऱ्या भावाचा तोरा होता, काठोकाठ.

"ह्यालाच गात होतो मी, वेणू," आण्णा कुजबुजले. "सगळ्यांना दात पाहिजे होते, म्हणून कोणाला बोललो नाय. तुला पण नाय... उघड त्याचे डोळे."