मला नळाखाली धुऊ नका

मी एक जुना, मळकट स्पंज आहे, मित्रांनो. माशांच्या काचेच्या पेटीत कोपऱ्यात बसतो. पंपाच्या हवेने पाणी माझ्यातून खेळत राहतं आणि मी ते गाळत राहतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवते ती महागावच्या सदाशिवराव गुरुजींची पेटी. तिथे सात वर्षं काढली. आलो तेव्हा हळदीसारखा पिवळा होतो. मग काळपट झालो, बुळबुळीत झालो. लोक यायचे, माशांना वाखाणायचे आणि मला पाहून नाक मुरडायचे. माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू नांदतात, हे त्यांना काय ठाऊक! माशांच्या घाणीतून पाण्यात विष उतरतं. ते विष माझी ही लेकरं खाऊन टाकतात.

एका रविवारी फुलसावंगीची निशिगंधा बाबांच्या गाडीवर बसून आली. सातवीतली पोर, रडून डोळे सुजलेले.

"गुरुजी, मासे मरून राह्यले जी. साहा आनले होते. चार गेले, दोनच उरले."

"पेटी कवा भरली?"

"मागच्या आइतवारी."

"अन् मासे कवा सोडले?"

"त्याच सांजेले."

"खायले काय देता?"

निशिगंधाने बाबांकडे पाहिलं. तिचा बाप संजय खाली मान घालून म्हणाला, "गावात पयल्यांदाच असे मासे आले, गुरुजी. जो पाहाले येते, तो मूठभर मुरमुरे टाकते. घरी आलेल्या पाहुन्याले उपाशी कसं ठेवाव?"

गुरुजी हसले नाहीत. "अरे, त्याहिचं पोट केवढं! उरलं ते सडलं, पानी इखारी झालं. नव्या पेटीत ते इख खानारे जंतूच नसते. ते वसाले महिना-दीड महिना लागते. तेवढं हे दोघं थांबत नाई."

आणि त्यांनी कात्री उचलली.

मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? कात्री मधोमध चालली. अर्धा मी जुन्या पेटीत राहिलो, अर्धा मी तिथल्याच पाण्यासकट स्टीलच्या डब्यात पडलो. "वाळू देऊ नोको," गुरुजी म्हणाले, "अन् नळाचं पानी लागू देऊ नोको. त्याच्यात पावडर रायते, जंतू मारायचीच."

झाकण बसलं. आत अंधार. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, डबा उन्हाने तापत होता. पाणी कोमट झालं तशी लेकरं माझ्यात गुदमरू लागली. पोहोचू ना? जिवंत पोहोचू ना? दुसरं काही सुचतच नव्हतं.

डबा उघडला तेव्हा समोर ती पेटी दिसली. पाणी दुधाळ. दोन सोनेरी मासे वरच्या काठाला तोंडं लावून आ वासत होते. निशिगंधा पंपाची नळी शोधायला आत गेली, आणि तेवढ्यात तिच्या आईने, विमलताईंनी, मला चिमटीत उचललं.

"अगं माय, हे कायची घान उचलून आनली! लोकाच्या घरचं मळकं!" आणि त्या तडक नळावर गेल्या.

नळ सुटला. पावडरीचा उग्र वास आला. पहिली धार माझ्या काठावर पडली आणि तिथली लेकरं क्षणात गेली. मला ते कळलं. एवढं स्पष्ट कळलं!

"आई! धू नोको!" निशिगंधा धावत आली.

"काहून? असंच टाकू माशाच्या पान्यात?"

पोरीला जंतू-बिंतू सांगायला वेळ नव्हता. तिने धारेखाली आपली ओंजळच धरली आणि म्हणाली, "दुधाले विरजन लावतं, तवा ते धुऊन लावतं का वं तू?"

विमलताईंचा हात थांबला. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "विरजन हाय हे?"

"हो! पेटीचं विरजन."

"मंग आंधी सांगाव ना, बयताड!" त्यांनी नळ बंद केला.

मी पेटीत उतरलो. अर्धा कापलेला, एका काठाने मेलेला. एवढ्यावर दोन जीव वाचायचे होते. पावडर उडून जावी म्हणून आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी रोज थोडं बदललं जाई. खाऊ दिवसाआड चिमूटभर. मुरमुरे घेऊन आलेल्या शेजारणीला विमलताई दारातच अडवत, "झाला पाहुनचार. आता तेह्यचा उपास हाय!"

तिसऱ्या दिवशी धाकटा मासा कुशीवर कलला. मी जिवाच्या आकांताने पाणी ओढत राहिलो. निशिगंधा काचेला नाक लावून बसली, शाळेतही गेली नाही. संध्याकाळी तो सरळ झाला. नवव्या दिवशी दोघेही काठ सोडून खाली आले आणि खडे उलथू लागले, तेव्हा कुठे तिने पोटभर जेवण केलं.

मग दिवाळी आली. घर रिकामं झालं, भांडी घासली, भिंती पुसल्या. पदर खोचून विमलताई पेटीपाशी आल्या, त्यांचा हात आत शिरला. गेलो आता! पण त्यांनी पेटीतलंच पाणी पातेल्यात काढलं, त्यात मला दोनदा हलकेच पिळलं आणि परत ठेवलं.

मित्रांनो, हात दिसला की मी अजून घाबरतो. नवी पेटी आणाल तेव्हा एवढं करा. आधी रिकाम्या पेटीत नुसता चिमूटभर खाऊ टाकून, त्याच्या कुजण्यावर महिना-दीड महिना आमची वस्ती वसू द्या. मासे मागून आणा. आणि माझ्यासारखं कोणी मळकं दिसलं, तर नळ सोडण्याआधी कुणाला तरी विचारा. आमचं ओरडणं बाहेर ऐकू येत नाही.