नवऱ्यापेक्षा अडीचशे वर्षांनी मोठी

मी उजव्या मांडीचं हाड बोलतेय. दचकू नका. तुमच्याही मांडीत माझ्यासारखंच एक आहे, फक्त ते अजून कामावर आहे आणि मी निवृत्त. बाईचं हाड आहे, म्हणून बाईसारखी बोलते.

माझा जन्म समुद्राकाठी झाला. पाणी घराच्या इतकं जवळ, की उधाण आलं की आई चुलीभोवती वाळूचा बांध घालायची. सकाळी मासळी, दुपारी मासळी, संध्याकाळी सकाळची उरलेली मासळी. वडील जाळं ओढायचे, आम्ही बहिणी खवले काढत बसायचो. माझी लांबी वाढली, जाडी भरली, ती सगळी त्या मासळीवर. ओल्या वाळूत पळायला मांडीत जोर लागतो, आणि तो माझ्यात भरपूर होता. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि चार दिवस चालून नवऱ्याच्या गावी आले. तिथं समुद्राचं नाव नाही. माळ, शेळ्या आणि धान्य. नवरा शेळ्यांमागे वाढलेला, मासा दिसला तरी तोंड फिरवायचा. माझा भाऊ वर्षातून एकदा वाळवलेल्या मासळीचं गाठोडं घेऊन यायचा. मी ती महिनाभर पुरवून खायचे आणि तेवढे दिवस हा माणूस माझ्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. पण रागावला कधी नाही. उलट भाऊ यायचे दिवस आले की स्वतःच टेकडीवर जाऊन वाट बघत बसायचा. माणूस चांगला होता हो माझा.

एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. आधी तो गेला, दोन दिवसांनी मी. छत्तीस वर्षांची होते. त्याचा खड्डा लोकांनी पुन्हा उघडला आणि मला त्याच्या डाव्या कुशीला ठेवलं. मग माती. मातीतल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मांस गेलं, अंगावरचं कापड गेलं, एका झाडाची मुळं आली, राहिली आणि वाळून गेली. माझं गुडघ्याकडचं टोक त्याच्या गुडघ्याला टेकलेलं होतं, तेवढ्या आधारावर काळ गेला.

चौतीस वर्षांपूर्वी खोदकाम झालं. कुणीतरी मऊ ब्रशनं आमच्यावरची माती झाडली आणि म्हणालं, "अरे, हे तर जोडपं दिसतंय!" आमची लाकडी पेटी झाली, तिच्यावर 'जोडपं' असं लिहिलं गेलं. लिहिणारे तात्या. तेव्हा ते संग्रहालयाच्या भांडारात नुकते लागले होते, आता निवृत्तीला टेकलेत.

पहिली दोन वर्षं आमचं कौतुक झालं. मग तळघर, दुसऱ्या कपाटाचा खालचा कप्पा. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! एकदा पेटी साफसफाईसाठी बाहेर काढली होती, तेव्हा एका कारकुनानं तिच्यावर चहाचा कप ठेवला. तात्या त्याच्यावर केवढे उखडले. "अहो, माणसं झोपलीत तिथं! उचला तो कप!" तात्या दुपारचा डबा आमच्याशेजारी स्टूल टाकून खायचे. सून काय म्हणाली, नातू कुठं पडला, सगळं आम्हाला सांगायचे. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यानंतर ते बोलायचे कमी आणि बसायचे जास्त.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. शिस्तीचा माणूस. अंदाजपंचे लिहिलेल्या सगळ्या पाट्या तपासायच्या, हाडांची वयं मोजून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या एक ताई आल्या.

"तात्या, दोघांच्या मांडीतून नखाएवढा तुकडा घेते," ताई म्हणाल्या.

"घ्या. पण जपून," तात्या म्हणाले. "आणि वय कळतं कसं हो यातनं?"

"आपण जे खातो, त्यातून एक प्रकारचा कार्बन अंगात येत राहतो. माणूस गेला की येणं बंद, आणि आहे तो ठरलेल्या चालीनं कमी होत जातो. उरलाय किती ते मोजायचं."

बारीक करवत फिरली. दुखलं नाही, खोटं कशाला बोलू? त्या तुकड्याला म्हणे आम्लात भिजवलं, धुतलं, जाळलं, त्याच्या वायूची काळी चिमूटभर पूड केली आणि यंत्रात घातली. महिन्याभरानं उत्तर आलं. नवरा सव्वीसशे वर्षांपूर्वीचा. मी साडेअठ्ठावीसशे. अधिक-उणे तीस वर्षं! माझं अख्खं आयुष्य त्यांच्या त्या अधिक-उण्यात मावून वर जागा उरते.

बायको नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली तरी लोक कुजबुजतात. इथं तर अडीचशे!

"जोडपं कसलं?" साहेब म्हणाले. "जुन्या खड्ड्यात नंतर दुसऱ्याला पुरलंय. पेट्या दोन करा. बाईंच्या काळाचं दालन दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात आहे, सोमवारच्या ट्रकनं त्यांना तिकडं पाठवा."

तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मरणाचंही भय वाटलं नव्हतं इतकं भय वाटलं. ज्याच्या गुडघ्याला टेकून सव्वीसशे वर्षं काढली, त्याच्यापासून मला उचलून अनोळखी लोकांत ठेवणार, आणि तोंड असून मला बोलता येत नव्हतं. तोंड तर कधीच मातीत गेलं होतं म्हणा.

शनिवारी तात्या नव्या पेटीत कापूस भरत होते. ताई कागदावर सही करायला आल्या होत्या.

"ताई, यंत्र चुकत नाही का कधी?"

"दोनदा लावलं, तात्या. तेच आलं. समुद्रातलं खाणारा असेल तर हाड आहे त्याहून जुनं दिसतं, कारण समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. म्हणून खाण्याचाही तपास केला मी. मासळीचा मागमूस नाही."

"दोघांच्याही हाडात?"

"तपास त्याच्या हाडाचा केला. हिच्या हाडाचा नाही. एका गावची माणसं, खाणं एकच असणार. उगाच नमुना कशाला संपवायचा?"

तात्यांच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"ताई, माझी बायको समुद्राकाठची. एकतीस वर्षं माझ्या आईच्या हातचं खाल्लं तिनं, कधी नाव ठेवलं नाही. शेवटच्या आजारात शुद्ध नव्हती, तेव्हा मागितलं काय, तर माहेरची मासळी. मी डॉक्टरांना विचारून येतो म्हणालो, तोवर..." त्यांनी चष्मा पुसला. "बाई जिथं मेली, तिथलीच होती, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सही न करताच पेन मिटलं. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "ट्रकला नाही म्हणून सांगा. साहेबांशी मी बोलते."

त्यांनी माझा उरलेला नमुना तपासला आणि माझ्या बरगडीचाही एक कपचा नेला. मांडीचं हाड फार सावकाश बदलतं म्हणे, लहानपणचं खाणं धरून बसतं. बरगडी लवकर बदलते, शेवटच्या वर्षांचं सांगते. उत्तर तसंच आलं. बरगडीबाई सासरी रुळल्या होत्या, भावानं आणलेल्या मासळीपुरती त्यांना समुद्राची आठवण होती. मी मात्र समुद्रानं गच्च भरलेली! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही गेली नाही. तो जुना कार्बन हिशेबातून वजा केला, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा एकाच काळात आलो.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे आपण हिला घराबाहेर काढायला निघालो होतो," ते म्हणाले, आणि नवी पेटी दुसऱ्या कामाला द्यायला सांगितली. माणूस वाईट नव्हता.

आता आम्ही पुन्हा दुसऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहोत. माझ्यात नखाएवढी खाच पडलीये. तिथं आईच्या हातचे किती घास होते कोण जाणे, ते जळून गेले. त्याची हळहळ वाटते. तुम्हाला एकच सांगणं आहे. मातीतून कुणी बाई सापडली, तर ती कधी मेली एवढंच मोजून थांबू नका.

परवा ताईंचा अहवाल आला. तात्यांनी स्टूल ओढलं आणि आमच्यासमोर बसून मोठ्यानं वाचला. आकडे त्यांनी भरभर वाचले. शेवटच्या ओळीपाशी थांबले, आणि मग सावकाश, मला ऐकू जावं असं वाचलं, "ही स्त्री समुद्राकाठची होती."

सासरी वीस वर्षं काढली, मातीत सव्वीसशे, पेटीत चौतीस. माझं माहेर कुठलं, हे आता पहिल्यांदा कुणीतरी लिहून ठेवलं.