चुन्यात पुरलेला जोड

पुंडलिकचा जळफळाट झाला, तो रत्नाकरचा जोड पाहून. होणार नाही तर काय! बावीस वर्षं जबलपूरच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस, अख्ख्या शॉपमध्ये नाव. आणि सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून बदलून आलेला हा रत्नाकर! स्टेनलेसची नळी अलॉय स्टीलच्या जाड कड्याला अशी जोडायचा की लोक हातातलं काम टाकून बघायचे.

तोच जोड पुंडलिकनं दोनदा केला होता आणि दोन्हीदा तडकला होता. रत्नाकर आधी अलॉयची बाजू नीट तापवायचा, रॉडही वेगळीच घ्यायचा आणि झाल्यावर गरम तुकडा कोरड्या चुन्याच्या पेटीत पुरून ठेवायचा, हळूहळू निवायला; एकदम गार झाला की तडकलाच. "याले घाई चालत नाही, भाऊ," असं वर शिकवायचाही. मेला शहाणा!

त्यातून फोरमन बापूसाहेबांनी सांगून टाकलं, "उद्या सकाळी रत्नाकरचा जोड तपासू. पास झाला तर हे काम त्याच्याकडे, बाकी सगळे त्याच्या हाताखाली. नाही झाला तर पुंडलिकला आणखी एक संधी."

हाताखाली! बावीस वर्षांनी! घरी अनसूयाही परवा म्हणाली होती, "रत्नाकरभाऊंच्या हातात म्हणे जादू आहे." आता बायकोनंसुद्धा? पुंडलिकला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली, शॉप रिकामं झालं. पुंडलिकनं चिमट्यानं रत्नाकरचा तुकडा चुन्यातून ओढून काढला आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. चर्रर्र आवाज झाला. मग तुकडा पुसून त्यानं होता तसा पुरून ठेवला.

सकाळी बापूसाहेबांनी जोडावर लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली; कुठं फट असली तर आत मुरलेला रंग वर येतो. बघता बघता भुकटीवर केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा!

रत्नाकरचा चेहरा उतरला. पुंडलिकला वाटलं, आता हा चिडेल, कोणावर तरी घसरेल. पण तो म्हणाला, "माझीच चूक, साहेब. कमी तापवलं असंल. भाऊंना द्या काम, मी सांगतो त्यांना सगळं."

आणि खरंच सांगितलं की हो! किती तापवायचं, कोणती रॉड, कुठं थांबायचं, काही म्हणता काही लपवलं नाही. पुंडलिकच्या अंगाची आग आणखीच वाढली. हरूनही मोठा तोच!

त्याच सकाळी पुंडलिकनं केलेला जोड मात्र सुरेख उतरला. पुंडलिकनं तो चुन्यात पुरला आणि भोंगा वाजला. सगळे जेवायला गेले. पुंडलिकचा पाय काही हलेना. पेटीजवळ स्टूल ओढून तो बसून राहिला.

थोड्या वेळानं रत्नाकर आपला डबा घेऊन आला. "भाऊ, इथं काय करून राहिले? जा, जेवून घ्या. मी बसतो."

"नको!" पुंडलिक ओरडलाच.

"काहून? अहो, चुन्याले हात लावाले कोण येते इथं?"

पुंडलिकनं त्याच्याकडे पाहिलं. तोंडावर कपट नाही, संशय नाही, काही नाही. तेच त्याला सहन होईना.

"मी येतो," तो म्हणाला. "काल मीच आलो होतो."