वीस अंशांचं अंतर

मित्रांनो, मी हातानं फिरवायचं, आकडेमोडीचं जुनं यंत्र आहे. मला वीज लागत नाही. दांडा पुढे फिरवला की बेरीज होते, मागे फिरवला की वजाबाकी. एका कचेरीत मी वीस वर्षं राबलो. मग खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आले आणि मी बेगम बाजारच्या भंगारात गेलो.

तिथून मला नल्लकुंटा वस्तीतल्या मुकुंदरावांनी उचललं. ते जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या पंचांग होत असे. ग्रहांची स्थानं काढायला मी त्यांना हवा होतो. त्यांनी माझ्या चाकांना शिलाई मशीनचं तेल दिलं. आल्यागेल्याला ते सांगत, हा थकत नाही आणि चुकत नाही.

त्यांचे मित्र देवदानम सर त्याच शाळेत इतिहास शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना गोष्टी सांगायचे. येशूचा जन्म नेमका कोणत्या वर्षी झाला, यावर दोघांचा रोज वाद चाले. सर सांगत, येशूचं चरित्र सांगणाऱ्या एका शुभवर्तमानानुसार तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तो इसवी सनापूर्वी चौथ्या वर्षी वारला. म्हणजे जन्म त्याच्या आधीचा. दुसऱ्या शुभवर्तमानात जन्माच्या वेळची म्हणून सांगितलेली जनगणना मात्र पुढे दहाएक वर्षांनी झालेली दिसते. दोन्ही जुळत नाहीत. मग उरला येशूच्या जन्मी दिसल्याचं सांगतात तो तारा. इसवी सनापूर्वी सातव्या वर्षी गुरू आणि शनी तीनदा जवळ आले आणि तोच हा तारा असावा, असं त्यांनी वाचलं होतं. हा पुरावा नाही, फक्त शक्यता आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ती पडताळून हवी होती.

१९९२ साली सरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. हा नाताळ शेवटचा, हे त्यांना कळलं होतं. मुलांना शेवटची गोष्ट सांगताना खरं तेवढंच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

"गारू, अख्ख्या नल्लकुंट्याच्या पत्रिका जुळवता, आमची एवढी एक जुळवा की," ते हसून मुकुंदरावांना म्हणाले; तेलुगूत आदरानं 'गारू' म्हणतात.

दोन महिने माझा दांडा फिरत होता. उत्तर आलं, तेव्हा दोन ग्रहांमध्ये वीसेक अंशांचं अंतर होतं. हात लांब करून वीत उघडली तर आभाळात जेवढं दिसेल, तेवढं. मुकुंदरावांनी पुन्हा त्याच पद्धतीनं गणित केलं. तेच उत्तर आलं. पुस्तकवाल्यांनी नीट मोजलं नसेल, असं त्यांनी सरांना सांगितलं. घरच्या पंचांगावर त्यांचा तेवढा भरवसा होता.

सरांनी माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमचं यंत्र खोटं बोलत नाही, गारू. गोष्टीतली ताऱ्याची ओळ मी काढतो."

त्या नाताळात त्यांची गोष्ट मेंढपाळांपाशीच थांबली, ताऱ्यापर्यंत गेली नाही. एका मुलीनं ताऱ्याचं विचारलं. सर म्हणाले, ते मला माहीत नाही, अम्मा. जानेवारीत ते गेले.

दोन वर्षांनी घरात संगणक आला. मुकुंदरावांची मुलगी नीलिमा कोटी भागातल्या क्लासला जाऊन तो शिकली होती. आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिनं सहज तेच वर्ष घातलं. पडद्यावर गुरू आणि शनी शेजारी शेजारी उभे होते. तिनं वडिलांची वही काढली, पानं उलटली.

"बाबा, तुम्ही मध्ये शून्य धरलंत का?"

त्यांनी धरलं होतं. पंचांगात सरलेली वर्षं मोजतात, म्हणून तिथं शून्य असतं. इसवी सनात ते नाही. सन एकच्या आधी थेट इसवी सनापूर्वीचं पहिलं वर्ष येतं. मुकुंदराव एक वर्ष जास्त मागे गेले होते. शून्याखाली गेलं की मला घंटा वाजवता येते. पण वर्ष चुकलं, हे सांगता येत नाही.

मुकुंदरावांनी मला पुढ्यात ओढलं आणि सगळं गणित पुन्हा केलं. आता अंतर जेमतेम एक अंश निघालं. नीलिमा म्हणाली, बरोबर आहे, बाबा.

मित्रांनो, मला तेल घातलं नाही तरी चालेल. पण तुमच्या उत्तरानं कुणाचं काही हिरावणार असेल, तर ते देण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आकडे दाखवणाऱ्या माझ्या खिडकीत त्या एका अंशाचा 'एक' अजून तसाच आहे. तो पुसायला मुकुंदराव दांड्याला हात लावतात आणि काढून घेतात.