लापाचोची साल

एदुविहिसच्या परसातला लापाचो यंदा असा काही फुलला होता, की रस्त्यानं जाणारी माणसं सायकलवरून उतरून कुंपणाशी उभी राहायची. पान औषधालाही नाही, नुसता गुलाबी. शेंड्यावर तांबूस पोटाचा कोरोचिरे पहाटेपासून गळा मोकळा करून गात असायचा. एदू खाली खुर्ची टाकून बसायची आणि तिला काहीच वाटायचं नाही.

त्या मुलखात म्हणतात, ऑगस्ट महिना हडकुळ्या गाई आणि म्हातारी माणसं नेतो. म्हणून एक तारखेला सगळे उसाच्या दारूत सताप आणि लिंबू घालून घोट घेतात. एदूच्या नवऱ्याला, अनास्तासियोला, जन्मात कधी थांबणं जमलं नाही. तो जुलैतच गेला. जायच्या आधी म्हणाला होता, "घरात रडू नकोस, एदू. फुलं आली की झाडाखाली बसून रडून घे."

ती रोज बसत होती. रडू येत नव्हतं. नऊ दिवसांच्या प्रार्थनेत आलं नाही, दफनाच्या वेळी आलं नाही. फुलं आली की येईल, अशी तिला आशा होती. आता फुलंही आली होती, आणि ती गळून गेली तर पुढं काय, याची तिला भीती वाटत होती. भीती तेवढी वाटायची, बाकी सगळं बधिर.

"एदूबाई, हे वरून तोच धाडतोय गं!" शेजारची ब्रिखिदा शिंगाच्या पेल्यातला थंडगार तेरेरे नळीनं ओढत म्हणाली. "जिवंतपणी एक फूल आणून दिलं नाही बायकोला. आता बघ, उधळलाय नुसता!"

"हो," एदू म्हणाली.

"हो काय? जरा हस तरी. दगडसुद्धा हसेल हे बघून."

एदूनं हसून दाखवलं. ब्रिखिदा पेला देऊन निघून गेली.

रविवारी दीर आला, सिंफोरियानो. त्यानं अंगणातच टोपी काढली, झाड डोळे भरून पाहिलं, मग बुंध्याशी गेला आणि तिथंच थबकला. कमरेच्या उंचीवर हातभर रुंदीची साल बुंध्याभोवती पूर्ण निघालेली होती. आतलं लाकूड वाळून करडं पडलं होतं.

"वहिनी, हे कुणी केलं?"

"मी. त्याच्या काढ्याला. सगळेच देतात की, लापाचोच्या सालीचा."

"देतात गं. पण एका अंगाची काढतात. सगळीकडून काढली की झाड मरतं."

"मरतं कसं? एवढं फुललंय!"

"म्हणून तर फुललंय." सिंफो खाली बघत म्हणाला. "मरायच्या आधी असंच फुलतं. आता पालवी नाही यायची."

एदूनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिनं सालीचा धरला होता. रोज सकाळी सुरी घेऊन थोडी थोडी. एक बाजू संपली की दुसरी.

"तुला कसं ठाऊक?" तिनं विचारलं.

"मला? अगं, तरुणपणी आम्ही दोघांनी शेतासाठी जंगल मोडलं ते असंच. दादानंच शिकवलं मला. कुऱ्हाड कशाला झिजवायची, म्हणायचा, साल काढ गोल, झाड आपसूक वाळतं."

एदूनं घराकडे पाहिलं. आजारपणात अनास्तासियोची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, बुंध्याकडे तोंड करून असायची. रोज तो तिला सुरी चालवताना बघायचा. फक्त एकदा म्हणाला होता, "पूर्वेकडची एक पट्टी राहू दे, एदू."

"कशाला?"

"कोरोचिरेला टेकायला."

"पक्षी फांदीवर टेकतो, सालीवर नाही. ताप डोक्यात गेलाय तुझ्या!" ती खेकसली होती. मग शेवटच्या आठवड्यात, त्याला पाणी जाईनासं झालं तेव्हा, तिनं ती पट्टीही काढली. तो काढा त्यानं तासभर लावून घोट घोट संपवला आणि रिकामा पेला उलटा करून दाखवला. म्हणाला, "आज छान झालाय."

रोज हेच म्हणायचा.

"दादानं सांगितलं नाही तुला?" सिंफोनं विचारलं.

"सांगितलं," एदू म्हणाली. "मी ऐकलं नाही."

ती आत गेली. फळीवरच्या डब्यात मूठभर वाळकी साल अजून होती. तिनं चूल पेटवली, पाणी ठेवलं, साल टाकली. पाणी विटकरी होईतो ती तिथंच उभी होती. सिंफो दारात येऊन उभा राहिला.

पेला घेऊन ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली. इतके महिने रोज उकळून दिलं, चाखलं मात्र एकदाही नव्हतं. पहिल्या घोटालाच जीभ आत ओढली गेली. असलं कडूजहर तो रोज छान म्हणून पीत होता, झाड समोर ठेवून. एदूनं पेला खाली ठेवला नाही. घोट घोट पीत राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"वहिनी," सिंफो हळूच म्हणाला.

"कडू आहे रे," ती म्हणाली. "फार कडू आहे."

वर कोरोचिरे गात होता. एदूनं तळाचा घोट घेतला आणि पेला उलटा केला.