उजवीकडची सीट

रुपरावच्या प्लायमथचं स्टिअरिंग डावीकडे होतं. दिल्लीच्या लिलावात एका गोऱ्या साहेबाची गाडी मिळाली, ती तशीच उलटी आली. आता आपल्या रस्त्यावर डावीकडे बसून माणसाला पुढच्या बैलबंडीपलीकडचं काय कपाळ दिसणार? म्हणून उजवीकडे त्याची बायको मनकर्णा बसायची. ती मान बाहेर काढून 'निघा' म्हणाली की रुपराव निघायचा, 'थांबा' म्हणाली की थांबायचा. नागपूरचे कितीतरी नवरदेव या गाडीतून मिरवले आणि लोक चिडवत राहिले, "रुपराव, गाडी तू चालवतं का वहिनी?" त्यालाही ते आवडायचं.

त्या दिवशी पारशिवनीचं लग्न होतं. मागे नवरदेव आणि त्याचा मामा. कन्हान गाव ओलांडलं आणि समोर कापसानं भरलेली बंडी लागली.

"निघा," मनकर्णा म्हणाली.

रुपरावनं गाडी बाहेर काढली आणि बाप रे, समोर ट्रक! कशीबशी गाडी आत घेतली. ट्रक भोंगा वाजवत खेटून गेला.

"आंधळी हाय का वं बाई?" मामा बोंबलला.

मनकर्णा हळूच म्हणाली, "अजी, दिवाळीपासून मले समोरचं धुरकटच दिसते. डॉक्टर म्हणे काचबिंदू हाय, गेलेली नजर येत नाही. तुमी इथं दुसऱ्याले बसवाल म्हणून बोलली नाही."

रुपरावनं गाडी बंडीच्या मागं हळू केली. दुसरा माणूस ठेवला तर ही घरात भिंतीकडे तोंड करून बसणार. नाही ठेवला तर एक दिवस सगळ्यांचे जीव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. रागवावं तरी कोणावर?

बंडी डुलत चालली होती.

"मुहूर्त टळून राहिला ना गा! काढ ना समोर!" मामा ओरडला.

"मनकर्णे, निघू का?" रुपरावनं सवयीनं विचारलं.

"थांबा. येऊन राहिली गाडी."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं.

"थांबा. येऊन राहिली."

पुढे रस्ता डावीकडे वळला आणि रुपरावला त्याच्या बाजूनं बंडीपलीकडचं सगळं दिसलं. लांबपर्यंत चिटपाखरू नव्हतं. बाजूला मनकर्णा पदर धरून, मान बाहेर काढून, डोळे फाडफाडून बघत होती.

"अजून येऊन राहिली का वं?" त्यानं विचारलं.

"हो जी. लय मोठी हाय."

"मलेबी दिसली," रुपराव म्हणाला आणि बंडीच्या मागंच राहिला.